पडदा बसला नाही म्हणजे पेशंटचंच चुकलं असं नसतं (कानाच्या पडद्याचं ऑपरेशन आणि कानाची ठेवण)

जास्वंदी
नमस्कार मंडळी. बरेच महिने लिहीन लिहीन म्हणत होते, आज शाळेला सुट्टी आहे तर बसलेच. विषय आहे कानाच्या पडद्याचं ऑपरेशन, म्हणजे टिंपॅनोप्लास्टी. माझं दोनदा झालं. पहिलं २०२१ ला, ते बसलं नाही. दुसरं २०२३ च्या डिसेंबरात, ते बसलं. मधली अडीच वर्षं मी स्वतःला दोष देत काढली आणि ते कारण बहुतेक नव्हतंच, हे दुसऱ्या डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं तेव्हा कळलं. माझ्यासारखं अजून कोणी घरात रडत बसलं असेल तर त्यांच्यासाठी हा धागा.

डावा कान लहानपणापासून फुटलेला. सर्दी झाली की वाहायचा, आई कापसाचा बोळा घालून शाळेत पाठवायची, उन्हाळ्यात कोरडा आणि पावसाळा लागला की परत सुरू. पुढे मी शिक्षिका झाले, पाचवी-सहावीला शिकवते, तर डाव्या बाजूच्या बाकांवरून पोरं काय बोलतात ते कळायचंच नाही, मग मी कायम उजवा कान पोरांकडे येईल अशी तिरकी उभी राहायचे. वर्षानुवर्षं. मुलांना वाटायचं बाई अशाच उभ्या राहतात.

पहिलं ऑपरेशन भूल फक्त कानापुरती देऊन झालं, कानामागे कट, कानाच्या वर कानशिलावरच्या स्नायूचं जे पातळ आवरण असतं ते काढून पडद्याच्या जागी बसवलं (अशा लावलेल्या तुकड्याला ग्राफ्ट म्हणतात). सात दिवसांनी टाके काढले. बाराव्या दिवशी मला जोरात शिंक आली आणि सवयीने तोंड मिटून दाबली. तीन महिन्यांनी तपासलं तर पुढच्या बाजूला भोक राहिलेलं. डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं तर पाणी गेलं का, नाक शिंकरलं का. मी शिंकेचं सांगितलं. झालं, मग तेच कारण ठरलं. घरी आई म्हणे तू आठवड्यात केस धुतलेस, जाऊ म्हणे शाळेत लवकर गेलीस, आणि मला ते सगळं पटत गेलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी कानात दुर्बीण घालून समोरच्या टीव्हीवर माझा कान मला दाखवला. पडदा मी पहिल्यांदा बघत होते, कांद्याच्या पापुद्र्यासारखा, वरून खाली येणारी हातोडीच्या हाडाची दांडी स्पष्ट दिसत होती आणि तिच्या पुढे-खाली राजम्याच्या दाण्याच्या आकाराचं काळं भोक. मग त्यांनी दुर्बीण थोडी मागे घेतली आणि म्हणाले आता बघा, मायक्रोस्कोपमधून सरळ बघितलं तर एवढंच दिसतं. भोकाची पुढची कड गायब! कानाच्या नळीची पुढची भिंत आत फुगलेली होती, हाडाचा उंचवटा, त्याच्या आड ती कड लपलेली. घाटात वळणावर दरड पुढे आलेली असली की पलीकडून येणारी गाडी दिसत नाही ना, अगदी तसं. "तुमचा पडदा पुढूनच सुटलाय, पुढची कड दिसलीच नसेल तर तिथे ग्राफ्ट नीट टेकवणार कसा," हे त्यांचे शब्द. शिंकेचं विचारलं तर म्हणाले शिंकेने हलू शकतो, पण बाराव्या दिवसापर्यंत चांगला टेकलेला ग्राफ्ट सहसा एका शिंकेने सुटत नाही. तिथेच खुर्चीत मला रडू आलं, खरं सांगते.

दुसऱ्या वेळी पूर्ण भूल दिली, आधी तो हाडाचा उंचवटा बारीक ड्रिलने घासून नळी रुंद केली (कॅनालोप्लास्टी म्हणतात), मग कानाच्या भोकासमोर जो छोटा उंचवटा असतो त्याची कूर्चा (कानाच्या पाळीत असतं तसलं मऊ, लवचीक हाड) वरच्या आवरणासकट काढून पातळ करून ती बसवली. आता वर्ष उलटून गेलंय, पडदा बंद आहे, कान वाहत नाही.

नंतर मी बरंच वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावलं. मला कळलं ते असं की पडदा बसणं हे डॉक्टरांचा हात आणि पेशंटची काळजी यांच्याइतकंच आपल्याला मिळालेल्या कानाच्या ठेवणीवर असतं, नळी अरुंद आहे का वाकडी आहे, भोक कुठे आहे केवढं आहे, कान आणि घसा जोडणारी नळी उघडते का, कानामागचं हाड कसं आहे, दुसरा कान कसा आहे. आणि हे सगळं ऑपरेशनच्या आधी विचारता येतं! मला कोणी सांगितलंच नव्हतं की विचारायचं असतं. इथे कोणी कान-नाक-घसा डॉक्टर असतील तर माझं चुकलेलं दुरुस्त करा प्लीज.

रानवारा
वाचून अंगावर काटा आला. माझ्या बहिणीला पण असंच "तू काळजी घेतली नाहीस" ऐकावं लागलं होतं. तिला लिंक पाठवतेय.

तिरफळ
चांगला धागा. एक शंका, कानाची नळी एवढीशी, त्यात पुढची भिंत मागची भिंत एवढा फरक पडतो का खरंच?

सह्यवासी
मी कान-नाक-घसा सर्जन, बरीच वर्षं प्रॅक्टिस आहे. जास्वंदीताई, तुम्ही जवळजवळ सगळं बरोबर लिहिलंय, मी थोडी भर घालतो, लांबेल, सांभाळून घ्या.

तिरफळ, फरक पडतो. मोठ्या माणसाची कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर, बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा आणि आतला दोन तृतीयांश हाडाचा, आणि ती सरळ नसून वळण घेते. पडदा साधारण ९ ते १० मिलिमीटर उंचीचा आणि जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर, त्यात तीन थर, बाहेर त्वचा, मध्ये तंतूंचा थर, आत ओलसर अस्तर. आणि हा पडदा नळीत काटकोनात बसवलेला नसतो, तिरका असतो, म्हणजे पुढच्या-खालच्या बाजूला पडदा आणि भिंत यांच्यात अगदी चिंचोळा कोपरा तयार होतो. त्यात भिंत फुगलेली असेल तर तो कोपरा आमच्या नजरेला आणि हत्यारालाही मिळत नाही. म्हणून पुढचं भोक अवघड.

दुसरं कारण रक्ताचं. पडद्याच्या वरच्या-मागच्या बाजूने रक्तवाहिन्या उतरतात आणि हातोडीच्या दांड्यालगत खाली येतात, मागच्या भागाला चांगलं रक्त मिळतं, पुढच्या भागाला त्या मानाने कमी. आपण जे आवरण बसवतो ते पहिले काही दिवस नुसतं आजूबाजूच्या ओलाव्यावर जगतं आणि नंतर त्यात कडेने रक्तवाहिन्या शिरतात. कडच कमी रक्ताची असेल तर ग्राफ्टचं पोषण तिथे उशिरा सुरू होतं. आणि तिसरं म्हणजे मधल्या कानाच्या, म्हणजे पडद्यामागच्या पोकळीच्या, पुढच्या भिंतीतच घशाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड आहे, ग्राफ्टला खालून टेकू द्यायला आम्ही जेलफोम (आपोआप विरघळणारा स्पंज) भरतो तो तिथे नीट राहत नाही, टेकू गेला की ग्राफ्टची पुढची कड खाली बसते आणि फट राहते. म्हणून काही जण पुढच्या बाजूच्या त्वचेखाली छोटा खिसा करून ग्राफ्टचं टोक त्यात ओढून घेतात.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. जुनं भोक आपोआप का भरत नाही? कारण बाहेरची त्वचा वळून भोकाच्या कडेवरून आत जाते आणि आतल्या अस्तराला जाऊन मिळते, शर्टाच्या काजाला शिवण घालतात तशी ती कड कायमची पक्की होते. शरीराच्या लेखी ती जखम संपली. त्यामुळे ऑपरेशनमध्ये पहिलं काम म्हणजे ती कड सगळीकडून बारीक कापून ताजी करायची, परत जखम करायची. उंचवट्याआड लपलेली कड ताजी झाली नाही तर वर कितीही सुरेख आवरण घाला, तिथे ते धरणार नाही. ताईंच्या बाबतीत नेमकं काय झालं ते मी कान न बघता सांगणार नाही, पण पुढून सुटणं याच गटात येतं.

टक्केवारी विचारायच्या आधीच सांगतो. कोरडा कान, मध्यम भोक, पहिलंच ऑपरेशन असेल तर भोक बंद होण्याचं प्रमाण बहुतेक ठिकाणी ८५ ते ९० च्या आसपास किंवा थोडं वर सांगतात. म्हणजे सगळं नीट करूनही दहातल्या एखाद्याचा बसत नाही. पडद्याचा अर्ध्याहून जास्त भाग गेला असेल तर प्रमाण आणखी थोडं उतरतं. हे पेशंटला आधी बसवून सांगणं आमचं काम आहे आणि घाईपायी ते आमच्याकडून राहून जातं, ही आमची चूक मी मान्य करतो.

जास्वंदी
डॉक्टर मनापासून आभार. ती काजाची शिवण कायम लक्षात राहील.

मांडवीकाठ
पणजीहून. बाबा ६१ वर्षांचे, उजव्या कानाला भोक, सिगरेट दिवसाला आठ-दहा. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं आधी सिगरेट बंद करा मग तारीख देतो. बाबा म्हणतात कानाचा आणि सिगरेटचा काय संबंध, डॉक्टर उगाच टाळतायत. त्यांना काय सांगू?

सह्यवासी
डॉक्टर टाळत नाहीयेत, बाबांचं भलं बघतायत. मधल्या कानाची जोखीम मोजायचा एक गुणांक आहे, मिडल इअर रिस्क इंडेक्स, अमेरिकेतले कार्टुश यांनी १९९४ मध्ये मांडलेला, पुढे त्यात धूम्रपान घातलं गेलं. त्यात पडद्याला भोक असण्याला १ गुण आहे आणि सिगरेट ओढण्याला २. म्हणजे ज्यासाठी ऑपरेशन करायचं त्यापेक्षा सिगरेटचं वजन जास्त! निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि वर लिहिलं तसं ग्राफ्ट कडेच्या रक्तावरच जगायचा असतो, शिवाय धुराने नाकामागचं आणि घशाकडच्या नळीचं अस्तर सुजलेलं राहतं. बाबांना हा गुणांचा हिशोब दाखवा.

अजून एक, त्या गुणांकात कान वाहतो का, हाडं शाबूत आहेत का, आधी ऑपरेशन झालंय का, हे सगळं आहे, पण जास्वंदीताईंच्या कानातला उंचवटा त्यात नाही आणि घशाकडची नळी कशी चालते तेही नाही. ते बघणाऱ्याच्या डोळ्यांवर आणि अनुभवावर राहतं. कागदावर कमी जोखीम निघाली म्हणून निर्धास्त व्हायचं नसतं.

अल्पविराम
माझी वेगळीच तऱ्हा. पडदा शंभर टक्के बसला, डॉक्टर म्हणाले सक्सेसफुल, आणि मला आधीपेक्षा कमी ऐकू येतंय. आठ महिने झाले. घरचे म्हणतात तुझ्या मनाचे खेळ आहेत, भोक होतं तेव्हा कसं ऐकू येत होतं आणि आता बुजल्यावर कसं येत नाही. मी कोणाला समजावून सांगायचं सोडून दिलं. फोन उजव्या कानालाच लावते आता.

सह्यवासी
मनाचे खेळ नाहीत. घरच्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवा.

पडद्याच्या आत तीन हाडं असतात, हातोडी, ऐरण आणि रिकीब, शाळेत शिकलेली. पडद्याचं कामाचं क्षेत्रफळ साधारण ५५ चौरस मिलिमीटर आणि रिकिबीच्या तळाचं जेमतेम ३.२, म्हणजे सतरापट फरक, त्यात हाडांच्या तरफेचा थोडा फायदा, असं मिळून आवाजाचा दाब आतल्या कानापर्यंत जाताना सुमारे बावीसपट होतो. ही साखळी तुटली की सगळा डोलारा जातो. आणि वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानात सगळ्यात आधी झिजतं ते ऐरणीचं खालचं टोक, कारण त्याला रक्तपुरवठाच कमी.

आता तुमचा प्रश्न. साखळी तुटलेली आणि पडद्याला भोक असेल तर आवाज भोकातून थेट आत जातो, बहिरेपणा साधारण ४० डेसिबलच्या आसपास असतो. तेच भोक बुजवलं आणि साखळी तशीच तुटलेली ठेवली तर आवाजाला दारच बंद, आणि बहिरेपणा ५० ते ६० वर जाऊ शकतो. म्हणजे पडदा बसला आणि ऐकू कमी आलं, दोन्ही खरं. ऐकण्याच्या तपासणीचा ग्राफ काढून, हवेतून आणि हाडातून ऐकू येणाऱ्या आवाजाच्या दोन रेषांमधलं अंतर बघा, मोठं असेल तर साखळी तपासायला हवी, ती परत जोडता येते, तुमचंच घासून आकार दिलेलं हाड किंवा टायटॅनियमचा छोटा खांब घालून. कधीकधी साखळी तुटलेली नसते, खडूसारखे पांढरे थर बसून घट्ट झालेली असते, ते वेगळं.

"सक्सेसफुल" म्हणजे कुठलं सक्सेसफुल हे पेशंटने विचारलंच पाहिजे. भोक बुजलं ते एक, ऐकू सुधारलं ते दुसरं. दोन्हींचे आकडे वेगळे असतात.

अल्पविराम
ग्राफ शोधून काढला. डाव्या कानात हवेची रेष ५५ च्या आसपास, हाडाची १० वर. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर विश्वास ठेवला. वेळ घेतलीय, पुढच्या आठवड्यात जाते.

रांगडा_पन्हाळा
आमचं पोरगं ७ वर्षांचं, डावा कान दोन वर्षं झाली फुटतोय. उन्हाळ्यात मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलं तेव्हापास्नं जास्त. रात्री तोंड उघडं ठेवून घोरतं. आमच्याकडं आज्जी लसूण घालून उकळलेलं तेल कोमट करून सोडती कानात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं म्हणती. एक डॉक्टर म्हणले लगेच ऑपरेशन करा, दुसरे म्हणले थांबा. कुणाचं ऐकायचं ते कळंना झालंय.

वैनगंगा
तेल आधी थांबवा दादा. भोक असताना ते सरळ आत मधल्या कानात जातं. आमच्याकडे पण हेच चालायचं.

शेंदूरवर्णी
सहमत नाही पूर्ण. आमच्या घरात तीन पिढ्या कानात तेल घालतात, कोणाला काही झालं नाही.

वैनगंगा
ज्यांचे पडदे शाबूत होते त्यांना नाही झालं. भोक असलेल्या कानाची गोष्ट वेगळी आहे, मी स्वतः भोगलंय म्हणून सांगते, रागावू नका.

सह्यवासी
तेल नको, कोमट नको गार नको, लसणीचं तर नकोच. आणि दुकानातून परस्पर थेंब पण आणू नका, काहींमध्ये जेंटामायसिनसारखं औषध असतं, भोकातून आत गेलं तर आतल्या कानाला इजा होऊ शकते. डॉक्टरांनी लिहून दिलेलेच थेंब.

आता थांबायचं का करायचं. घसा आणि कान जोडणारी जी युस्टेशियन नळी आहे ती मधल्या कानात हवा खेळती ठेवते, आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा क्षणभर उघडते. मोठ्या माणसात ती साधारण ३६ मिलिमीटर लांब आणि बऱ्यापैकी उतरती, सुमारे ४५ अंशांत. लहान मुलात आखूड आणि जवळजवळ आडवी, १० अंशांच्या आसपास, त्यामुळे नाकातलं सगळं कानाकडे सहज चढतं. साधारण सातव्या वर्षाच्या पुढे ती मोठ्या माणसासारखी व्हायला लागते. म्हणून बरेच सर्जन त्या वयापर्यंत थांबतात, पण हे काही दगडावरची रेघ नाही, काही मुलांचं लवकरही चांगलं होतं आणि ऐकण्याअभावी शाळा मागे पडत असेल तर आम्ही लवकर करतो.

तुमचं पोरगं घोरतं, तोंड उघडं, म्हणजे नाकामागे अॅडेनॉइड (टॉन्सिलसारख्या गाठी) वाढलेले असू शकतात आणि ते बरोब्बर त्या नळीच्या तोंडापाशीच असतात. ते बघून घ्या आधी. आणि उजवा कान तपासा! उजवा कान ही त्या नळीची परीक्षा असते, कारण नाक आणि घसा दोन्ही कानांना एकच. दुसऱ्या कानात पाणी साठलेलं असेल, पडदा आत ओढलेला असेल, तर नळी अजून तयार नाही. अशा वेळी नवा पडदा बसवला तरी हवेअभावी तोही आत ओढला जातो.

रानवारा
हे दुसऱ्या कानाचं लॉजिक किती साधं आहे आणि कोणीच सांगत नाही.

ओंजळ
वाचून लिहायचं धाडस करतेय. भाचीला जन्मतः टाळूला चीर होती, टाळूचं ऑपरेशन दीड वर्षाची असताना झालं, आता ती ११ वर्षांची आहे आणि दोन्ही पडद्यांना भोकं. कानाचं ऑपरेशन करायचं म्हणतायत. टाळूचा आणि कानाचा संबंध असतो का? तिची आई फार घाबरलीय.

सह्यवासी
असतो, थेट असतो. ती नळी उघडायचं काम टाळूचा एक स्नायू करतो. टाळूला चीर असते तेव्हा तो स्नायू मधोमध जोडलेला नसून बाजूला हाडाच्या कडेला चिकटलेला असतो, त्यामुळे त्याला नळी ओढून उघडता येत नाही आणि अशा जवळपास सगळ्याच बाळांच्या कानात पाणी साठतं. टाळू शिवली तरी स्नायूला पूर्ण ताकद येतेच असं नाही. तेव्हा तिचं ऑपरेशन करूच नये असं मुळीच नाही, पण विचारा की कूर्चा वापरणार का. नुसतं पातळ आवरण आतल्या ओढीने आत जाऊ शकतं, कूर्चा ताठ असते, ती तग धरते. आणि दोन्ही कान एकदम नकोत. एकाचं करून वर्षभर बघू द्या. नंतरही तपासणी सुटता कामा नये. तिच्या आईला सांगा, तिच्या हातून काही चुकलेलं नाही.

ओंजळ
शेवटचं वाक्य तिला तसंच्या तसं वाचून दाखवलं. धन्यवाद.

तिरफळ
मग कूर्चाच सगळ्यांना का नाही लावत?

सह्यवासी
रास्त प्रश्न. कूर्चा अपारदर्शक असते, तिच्यामागे काही वाढत असेल तर ते दिसत नाही, आणि जाड ठेवली तर कंप कमी होतो म्हणून आम्ही ती तासून पातळ करतो. साध्या भोकाला कानशिलावरचं आवरण पुरतं, १९६० च्या आसपासपासून ते वापरात आहे आणि त्याआधी त्वचा लावायचे ती टिकत नसे. मोठं भोक, परत करायचं ऑपरेशन, आत ओढलेला पडदा, घशाकडची नळी कमजोर, अशा ठिकाणी कूर्चा.

वाटसरू_मस्कत
मी मस्कतला असतो, सुट्टीत पुण्यात येऊन करून घ्यायचं म्हणतोय, एक महिन्याची सुट्टी. विमानाचं काय? आणि सीटी स्कॅन आधीच करून आणू का, इथे कंपनीच्या इन्शुरन्समध्ये होतो. कानामागचं हाड पण उघडतात असं ऐकलं, ते गरजेचं आहे का?

सह्यवासी
विमानाला मी माझ्या पेशंटना सहा आठवडे थांबायला सांगतो, तेव्हा एक महिन्यात ऑपरेशन आणि परतीचं विमान हे मला पटत नाही, सुट्टी वाढवा किंवा पुढच्या वर्षी करा, कोरडा कान वर्षभर थांबतो. मध्यभागी साधं कोरडं भोक असेल तर सीटी स्कॅन लागत नाही. घाण वास येणारा पू, पडद्याच्या वरच्या भागात खळगा, चक्कर, चेहरा वाकडा होणं, असं काही असेल तर लागतो, कारण तिथे हाड कुरतडणारी त्वचेची गाठ, कोलेस्टिओटोमा, असू शकते आणि ते ऑपरेशनच वेगळं.

कानामागच्या हाडाचं, म्हणजे मास्टॉइडचं: ते मधाच्या पोळ्यासारखं हवेच्या कप्प्यांनी भरलेलं असतं आणि मधल्या कानाला हवेचा साठा म्हणून उपयोगी पडतं. लहानपणापासून कान वाहिलेल्यांचं बरेचदा भरीव, दगडासारखं राहतं. असं हाड असलेल्यांना निकाल थोडा कमी मिळतो असं काही जण मानतात. पण कोरड्या साध्या भोकासाठी ते उघडल्याने फार फायदा होतो असं ठामपणे म्हणता येत नाही, आमच्यातच दोन मतं आहेत. मी वाहत्या, न थांबणाऱ्या कानात उघडतो, कोरड्यात नाही.

जास्वंदी
वाटसरू, माझ्या अनुभवातलं सांगते, पहिले पाच-सहा आठवडे कानात जेलफोम असतो तेव्हा काहीच ऐकू येत नाही, तेव्हा घाबरू नका. माझी जीभ डाव्या बाजूला दोन महिने धातू चाटल्यासारखी लागत होती, चहासुद्धा नकोसा झालेला. चवीची एक बारीक नस म्हणे पडद्याच्या मागून हाडांच्या मधून आडवी जाते, ती ऑपरेशनमध्ये हलते. माझं आपोआप गेलं. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्या, अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

मांडवीकाठ
बाबांना गुण दाखवले. दोन दिवस गप्प होते. आज सकाळी पाकीट आईच्या हातात दिलं.

अल्पविराम
जाऊन आले. ऐरणीचं टोक झिजलेलं असावं असं म्हणाले, परत उघडून साखळी जोडू. घरच्यांना सोबत नेलं होतं, त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं. नवरा परत येताना गाडीत माझ्या डाव्या बाजूला बसला होता, मुद्दाम उठून उजवीकडे येऊन बसला.

रांगडा_पन्हाळा
डॉक्टरसाहेब, पोराला दाखवून आणलं. अॅडेनॉइड मोठे हायत म्हणले, एक्सरे काढला. उजव्या कानाचा दाबाचा ग्राफ काढला तर रेष सपाट आली, कागदावर 'बी' लिवलंय. डाव्या कानाचं ऑपरेशन आत्ता नको म्हणले, आधी नाकाचं बघू. तेल बंद केलंय, आज्जीला हा धागा वाचून दाखवला, ती म्हणली मला कुणी सांगितलं असतं तर घातलं नसतं. विहीर पण यंदा बंद, पोरगं रुसलंय. बरोबर चाललंय का?

सह्यवासी
अगदी बरोबर चाललंय. सपाट 'बी' म्हणजे उजव्या कानात पडद्यामागे पाणी आहे, नळी उघडत नाही. अशा वेळी डाव्याला पडदा लावण्यात अर्थ नव्हता. अॅडेनॉइडचं काय ठरतं ते होऊ द्या, मग तीन महिन्यांनी उजव्याचा ग्राफ परत काढा. रेषेला डोंगरासारखं टोक आलं की डाव्याचं बोलू. वर्गात पहिल्या बाकावर बसवायला बाईंना चिठ्ठी द्या, उजवा कान बाईंच्या बाजूला. ग्राफ आला की इथेच कळवा.